आठव्या हिरवळीखाली

हरळी उपटण्यात आमच्या घराच्या कितीतरी पिढ्या गेल्या. माळ्याच्या घरातली पोर चालायला लागली की तिच्या हातात खुरपं येतं आणि खुरप्यासोबत हरळी येते. वांग्याच्या वाफ्यात, झेंडूच्या सरीत, विहिरीच्या थारोळ्याजवळ, जिथे ओल तिथे ती. वरून तोडली तर खालच्या पेरातून फुटते, खालून खणली तर तुटलेला तुकडा कुठेतरी राहतोच. आणि मी सतरा वर्षांची असताना माझ्या बाबांना पगार मिळत होता तो हीच हरळी लावायचा, तिला खतपाणी घालायचा, तिच्यावर कंगव्यासारखं दाताळं फिरवायचा. माय हसून हसून डोळे पुसायची. "माह्या सासऱ्यानं हरळी उपटू उपटू कंबर मोडून घेतली," ती म्हणायची, "अन् त्याचा लेक तिले न्हाऊ घालून राहिला."

अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला एका कापड कंपनीने जमीन घेतली होती. गिरणी दुसरीकडे होती. इथे फक्त साहेब लोकांचा बंगला, पाहुण्यांच्या खोल्या आणि गोल्फचं मैदान. आमच्या गावात त्याला 'गोलप' म्हणत. नऊ भोकं, नऊ झेंड्या, आणि प्रत्येक भोकाभोवती मऊ, बारीक कापलेल्या गवताचा गोल पट्टा. त्या पट्ट्याला साहेब 'ग्रीन' म्हणायचे, आम्ही हिरवळ म्हणायचो. बाकीचं मैदान हिवाळा सरला की पिवळं पडायचं आणि ते कुणी मनावर घेत नसे, पण नऊ हिरवळी मात्र पाहुणे यायच्या आत पोपटासारख्या दिसायला हव्या असत. पाहुणे होळीच्या आगेमागे यायचे, नागपूरहून, मुंबईहून. त्यानंतर वऱ्हाडात ऊन असं काही पेटतं की माणसाने चेंडूमागे फिरावं अशी सोय राहत नाही. म्हणजे वर्षातले ते पंधरा-वीस दिवस, आणि त्या पंधरा-वीस दिवसांसाठी संक्रांतीपासून आमच्या हाडांची काडं व्हायची.

बाबा तिथे मुकादम होते. मुकादम म्हणून मैदानाच्या कडेला आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. त्याआधी आम्ही गावातल्या खालच्या आळीत राहायचो, तिथे पाणी आणायला माय आणि मी दिवसातून चार वेळा जायचो. क्वार्टरमध्ये नळ होता, दाराच्या आतच. सुरुवातीचे काही दिवस माय उगीचच नळ सोडायची, हात ओले करायची आणि बंद करायची. मागच्या अंगणात तिने वाल चढवला होता, कडेने अंबाडी लावली होती. थंडीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत आम्ही दारात बसायचो आणि त्या सोल्यांची झणझणीत भाजी, ज्वारीची गरम भाकर आणि वर कच्चं तेल, असं जेवण झालं की बाबा भिंतीला टेकून म्हणायचे, "आता इथून मले कोणी उठवू नोका." मला ते वाक्य अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं. तेव्हा मला वाटायचं ते जेवणाबद्दल बोलतात.

मी त्या वर्षी घरी होते, कारण दहावीला गणितात नापास झाले होते. माय निंदणाऱ्या बायांची पुढारी होती, सात-आठ जणी, आणि मी त्यांच्यात. त्यातल्या वेणूकाकीचा नवरा मारोतीकाका ट्रॅक्टर चालवायचा. काळासावळा, बुटका, सदा गुणगुणणारा माणूस. ट्रॅक्टरमागे लोखंडी रूळ जोडून तो मैदानाचे मोठे पट्टे दाबायचा, आणि जाता जाता मला हाक मारायचा, "काय वं मास्तरीन, गणित सुटलं का?" मला राग यायचा आणि हसूही यायचं. त्याला मूलबाळ तेव्हा नव्हतं. हुरड्याच्या दिवसांत तो माझ्यासाठी वेगळी पुडी बांधून आणायचा, मीठ आणि तिखट लावलेली, आणि वेणूकाकी त्याला सर्वांसमोर टोमणे मारायची की बायकोला कधी आणली नाहीस.

सगळ्यांच्या वर होते केळकर साहेब. पुण्याचे, उंच, पांढऱ्या टोपीतले. वाईट माणूस नव्हता. बायांना 'अहो बाई' म्हणायचा, ओरडायचा नाही. पण त्याला सगळं सपाट लागायचं. रोज संध्याकाळी तो एकेका हिरवळीवर वाकून, एक डोळा मिटून, जमीन पाहायचा. आता मी माझ्या रोपवाटिकेत कुंड्यांची रांग लावते तेव्हा कधी कधी तसाच एक डोळा मिटून पाहते, आणि मग एकदम सरळ उभी राहते.

काळी जमीन गोल्फला मानवत नाही. पावसात ती फुगते, उन्हात हात जाईल अशा भेगा पाडते. म्हणून हिरवळींच्या खाली मुरूम, त्यावर वाळू, त्यावर चाळलेलं शेणखत आणि मग हरळी, असे थर दिले होते. वसंत लागायच्या आधी मेलेलं गवत दाताळ्याने ओढून काढायचं, मग सळयांनी सगळ्या हिरवळीला बोट-बोट अंतरावर भोकं पाडायची म्हणजे हवा आणि पाणी मुळांपर्यंत जातं, मग वर वाळू पसरून झाडूने भोकांत लोटायची. सळई म्हणजे कमरेएवढा लोखंडी गज, वर लाकडाची आडवी मूठ. चार बोटं खोल गेली की खालचा मुरूम लागायचा आणि हाताला टणक झटका बसायचा. दिवसभरात तो झटका खांद्यापर्यंत चढायचा.

आठव्या हिरवळीवर मला तो झटका बसला नाही.

सकाळची वेळ होती, दव होतं. बाया सातव्या हिरवळीवर वाळू पसरत होत्या, आणि बाबांनी मला पुढे पाठवलं होतं. मी कडेकडेने भोकं पाडत आत आत गेले. मधोमध आल्यावर मी सळई टोचली आणि तोल जाऊन गुडघ्यावर पडले. सळई लोण्यात सुरी जावी तशी गेली होती, पार मुठीपर्यंत. मी ती ओढून काढली. त्या भोकातून कोमट हवा आली, आणि तिला एक वास होता, पावसात कुजलेल्या कडब्याचा असतो तसा, पण जुना, कोंडलेला. मी दुसऱ्या जागी टोचून पाहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्या जागी टोचायचा धीर झाला नाही. मी उभी राहिले तर पायाखालची जमीन घट्टच लागत होती, गवत छान हिरवं होतं. खरं म्हणजे जास्तच हिरवं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आठव्या हिरवळीच्या मधे एक गोल आहे, साधारण बारा पावलांचा, आणि त्यातलं गवत बाजूच्या गवतापेक्षा गर्द आहे.

बाबा आले. मी काही सांगायच्या आत त्यांनी माझ्या हातातली सळई घेतली, तिच्या टोकाला लागलेला काळा गाळ बोटाने पुसला, वास घेतला, आणि बोट पायजम्याला पुसलं. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. घाबरलेला नव्हता. वाट पाहत असलेली वाईट बातमी आली की माणूस जसा गप्प होतो, तसा होता.

"इथं विहीर होती, बाई," ते म्हणाले.

ती विहीर मला आठवत होती. लहानपणी आम्ही तिथून बोरं वेचायला जायचो आणि मोठी माणसं आम्हाला काठापासून लांब हाकलायची. खोल विहीर, वरच्या दोन-चार हातांना तेवढी दगडी बांधणी, खाली नुसती माती. पण ती या जागी होती हे मला ओळखू आलं नव्हतं, कारण बांध, बोरी, पायवाट, सगळंच पुसून गेलं होतं.

मग बाबांनी सांगितलं ते असं. मैदान बनवताना विहीर बुजवायचं काम ठेकेदाराने त्यांच्याकडे दिलं होतं. तळापासून दगड भरायचे ठरलं होतं. चार गाड्या दगड आले आणि पुढचे आलेच नाहीत. पाऊस तोंडावर आला होता. ठेकेदार म्हणाला, काय भेटते ते टाका अन् तोंड बंद करा. शेजारच्या वावरात कापूस निघून गेल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग पडले होते, घराएवढे. बाबांनी दोन दिवस माणसं लावून त्या पऱ्हाट्या विहिरीत लोटल्या, वर बाभळीची खोडं आडवी टाकली, त्यावर मुरूम दाबला. साहेबांना सांगितलं गेलं की दगड भरले. काम वेळेत झालं म्हणून ठेकेदाराने साहेबांजवळ बाबांचं नाव काढलं आणि बाबा मुकादम झाले. नळाचं क्वार्टर त्यातूनच आलं होतं.

"पऱ्हाटी सडली असन," बाबा म्हणाले. "आम्ही रोज पाणी देऊन राहिलो नं वरतून."

"मंग साहेबाले सांगून देऊ."

"सांगतो. पावणे जाऊ दे. होळी झाली का मीच खोदतो अन् मीच दगड भरतो. आता सांगितलं तं..." त्यांनी क्वार्टरच्या दिशेने पाहिलं. मायने धुतलेलं लुगडं तारेवर वाळत होतं. "तू कोणाले बोलू नोको, शालू. मायलेबी नाई."

मी मान हलवली. मला तेव्हा अभिमान वाटला, हे मला लिहायलाच हवं. नापास झालेल्या पोरीला बापाने एक गुपित दिलं होतं.

त्या दिवसापासून आमची एक वेगळी कामगिरी सुरू झाली. बाया यायच्या आधी, तांबडं फुटताना, मी आणि बाबा घमेल्यात चाळलेली वाळू घेऊन आठव्यावर जायचो. झेंडी त्यांनी मधल्या गोलापासून दूर कोपऱ्यात हलवली होती. गोल रोज थोडा खाली बसलेला असायचा, जेवणाच्या ताटाइतका उथळ, दव तिथे जास्त साचलेलं. आम्ही वाळू भुरभुरवायचो, झाडूने सारखी करायचो, हलक्या हाताने पाणी शिंपडायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. वाळू जात कुठे होती? एकदा बाबांनी बादलीभर पाणी मुद्दाम मधोमध ओतलं आणि आम्ही दोघं वाकून ऐकत राहिलो. पाणी वर थांबलंच नाही. खालून, खूप खालून, कुणी घोट घ्यावा तसा आवाज आला. पाचव्या-सहाव्या दिवशी गोलाच्या कडेने कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या, पांढऱ्या, बारीक, कंकणासारख्या ओळीत. बाबांनी त्या एकेक करून उपटल्या आणि खिशात घातल्या.

मायच्या नजरेतून हे सुटत नव्हतं. "तुमी बापलेकी काय लपवून राहिले?" तिने एकदा भाकर थापता थापता विचारलं. बाबा म्हणाले, "काई नाई, आठव्यावर कीड पडली." मायने भाकर तव्यावर टाकली आणि त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "कीड पडली तं औषध मारा. लपवता कावून?" त्या दिवशी तिने वालाची भाजी केली होती, आणि कुणीच दुसरी भाकर घेतली नाही.

होळीला आठ-दहा दिवस राहिले असताना केळकर साहेबांच्या डोक्यात आलं की बंगल्यासमोर पाहुण्यांसाठी संत्र्याची झाडं हवीत, फळं लगडलेली, कुंड्यांतून. ती आणायला शेंदूरजनाघाटला ट्रक जाणार होता, आणि झाडं पारखायला बाबांशिवाय दुसरं कोण होतं? जायला एक दिवस, झाडं निवडायला एक दिवस, यायला एक दिवस. बाबांनी टाळायचा प्रयत्न केला, पण टाळायला कारण देता येईना. निघायच्या आधी त्यांनी मला नळाजवळ बोलावलं. "आठव्याचं पाणी बंद ठेव. बायाईले तिकडे धाडू नोको. अन् रूळ तं बिलकुल नाई. मारोतीले म्या सांगितलं, तिथं कवळं गवत हाये म्हणून." मग थोडं थांबून ते म्हणाले, "तीनच दिवस. ध्यान ठेव, बाई." ट्रक गेल्यावर मैदानावर टिटव्या ओरडत राहिल्या. त्यांची अंडी उघड्या जमिनीवरच असतात, ट्रक जवळून गेला की त्या तशा ओरडतातच. तरी मला त्या दिवशी त्यांचं ओरडणं सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर केळकर साहेब काठ्यांची पिशवी घेऊन एकटेच खेळायला निघाले, मैदान पाहायला. आम्ही बाया नवव्या हिरवळीवर निंदत होतो, तिथून आठवी दिसते. साहेबांनी कोपऱ्यातल्या झेंडीकडे चेंडू हळूच मारला. चेंडू सरळ निघाला, मग वळला, आणि मधल्या गोलात जाऊन थांबला. साहेबांनी पुन्हा मारला. पुन्हा वळला. ते वाकले, एक डोळा मिटला. मग त्यांनी हात वर करून मारोतीकाकाला बोलावलं.

मी खुरपं टाकून धावले. मी पोचले तेव्हा मारोतीकाका ट्रॅक्टरवर बसूनच सांगत होता, "साहेब, मुकादम नोको म्हणून गेले इथं. गवत कवळं हाये."

"गवत कोवळं असू दे, जमीन वाकडी आहे," साहेब म्हणाले. "मधे बशीसारखं झालंय. चार फेऱ्या मार, कडेकडून आत ये. पाहुण्यांना काय दाखवायचं आपण?"

"साहेब," मी म्हणाले, "बाबा आल्यावर करा ना. उद्या येतात."

साहेब माझ्याकडे वळले. प्रेमानेच म्हणाले, "का गं? काय आहे इथे?"

हा तो क्षण होता. त्यांनी विचारलं होतं. त्यांनी अगदी नीट, थांबून विचारलं होतं. मागे नवव्या हिरवळीवर माय कमरेवर हात देऊन उभी राहिली होती आणि तिच्याही मागे क्वार्टरच्या तारेवर कपडे हलत होते. माझ्या तोंडातून निघालं, "काई नाई साहेब. बाबांनी सांगितलं होतं म्हणून."

"सांगेन मी त्यांना," साहेब म्हणाले आणि बाजूला झाले.

मारोतीकाकाने मला डोळा मारला, म्हणजे घाबरू नकोस, तुझ्या बापाला मी सांभाळून घेतो, असं. आणि ट्रॅक्टर सुरू केला. पहिली फेरी अगदी कडेने गेली. रुळाखालून दव उडालं, मागे गुळगुळीत पट्टा उमटला. काही झालं नाही. मी मनात म्हटलं, बाभळीची खोडं आहेत खाली, जाड आहेत, बाबांनी सांगितलं होतं. दुसरी फेरी आत सरकली. काही झालं नाही. माझ्या पायाच्या तळव्यांना काहीतरी कळत होतं, थरथर म्हणू की काय, पण ट्रॅक्टर चालू असला की जमीन थरथरतेच. तिसऱ्या फेरीला रुळाची एक बाजू गर्द गवतावरून गेली. तेव्हा मला तोंड उघडायचं होतं. मला स्पष्ट आठवतं, मी तोंडावर हात धरला होता. तो कशासाठी, ओरडू नये म्हणून की ओरडता यावं म्हणून, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही. मी मोजत होते. साहेबांनी चारच फेऱ्या म्हटल्या होत्या. एकच राहिली होती. एक झाली की ट्रॅक्टर उतरणार होता, उद्या बाबा येणार होते, होळी होणार होती.

चौथी फेरी मधोमध आली. गवताला सुरकुती पडली. अंथरलेली चादर कुणी खालून ओढावी तशी ती सुरकुती ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकापासून निघून माझ्या पायांपर्यंत आली. आणि मी किंचाळले, "मारोतीकाका, उडी मारा!"

त्याने वळून पाहिलंसुद्धा नाही. हाक कानावर पडताच त्याने अंग झोकून दिलं. त्याच वेळी जमीन बसली. आवाज मोठा झाला नाही, लोकांना वाटतं मोठा झाला असेल. खोडं मोडल्याचा कडकड आवाज, आणि मग एक लांब, ओला सुस्कारा, आणि तो वास. रूळ आधी गेला, त्याने ट्रॅक्टरला मागे ओढलं, ट्रॅक्टरचं तोंड आभाळाकडे उचललं गेलं, आणि मग खड्ड्याच्या काठावर आपटून तिथेच अडकलं. मारोतीकाका काठाच्या बाहेर पडला होता, पण त्याचा उजवा पाय पुढच्या चाकाच्या दांड्याखाली आला. इंजिन तसंच चालू होतं. वेणूकाकी नवव्यावरून धावत आली आणि ती ट्रॅक्टरला दोन्ही हातांनी ढकलत होती, एकटी, जणू बैल हटवते आहे. साहेबांची टोपी पडली होती. त्यांनीच पुढे होऊन इंजिन बंद केलं, आणि मग आम्ही सगळ्यांनी, बायांनी, साहेबांनी, बंगल्यावरच्या आचाऱ्याने, पहारी लावून दांडा उचलला. मारोतीकाका ओरडत नव्हता. तो माझ्याकडे पाहून म्हणत होता, "बरं झालं वरडली, पोरी. बरं झालं वरडली."

साहेबांच्या गाडीतून त्याला अकोल्याला नेलं. संध्याकाळी निरोप आला की जीव वाचला, पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. फाटकावरच त्यांना कळलं असावं, कारण ट्रक बंगल्याकडे गेला आणि ते चालत सरळ आठव्या हिरवळीकडे आले. खड्ड्याभोवती दोरी बांधली होती. साहेब तिथे उभे होते, माय होती, मी होते. बाबा दोरीपर्यंत गेले, आत पाहिलं. खाली काळ्या, सडलेल्या पऱ्हाट्यांचा चिखल दिसत होता.

"यात दगड भरले होते ना?" साहेबांनी विचारलं.

"नाई साहेब. पऱ्हाटी भरली. म्या भरली."

"आणि ते खचतंय हे?"

"मालूम होतं. पंधरा-वीस दिवसापासून."

साहेबांनी खड्ड्याभोवतीची दोरी हाताने ताणून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "अजून कोणाला माहीत होतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "कोणालेच नाई."

मग साहेब माझ्याकडे वळले. "शालू, तुला कसं कळलं? तू अगदी वेळेवर ओरडलीस."

"जमीन हलताना दिसली," मी म्हणाले.

मायने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. तिला त्या वेळी सगळं कळलं, हे मला ठाऊक आहे. ती नंतर या विषयावर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, आणि ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

ठेकेदाराला कुणी काही विचारलं की नाही, कोण जाणे. आम्हाला आठवड्याच्या आत क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही अमरावतीला मामाकडे आलो, बाबांनी दुसऱ्याच्या मळ्यात फुलांचं काम धरलं. मी पुढच्या खेपेला गणितात पास झाले. पुढे लग्न झालं, रोपवाटिका झाली, मुलं झाली. बाबा म्हातारपणी अंगणात बसायचे तेव्हा पायाखालची फरशी टाचेने ठोकून पाहायचे. मी विचारलं की म्हणायचे, "काई नाई, आवाज पाहून राहिलो." ते गोल्फचं मैदान कधीचंच बंद पडलं. तिथे आता प्लॉट पडले आहेत म्हणतात. मी पाहायला गेले नाही.

मारोतीकाकाने बार्शीटाकळीला पिठाची गिरणी टाकली. त्याला उशिरा दोन मुलं झाली. नातेवाइकांच्या लग्नात वगैरे तो भेटला की चार लोकांना हाक मारून सांगायचा, "ह्या पोरीनं वाचवलं मले. हे वरडली नसती तं मी विहिरीत गेलो असतो." बायका माझ्या पाठीवर हात फिरवायच्या. एकदा कुणीतरी माझ्या मुलाला सांगितलं की तुझी आई धीराची आहे, आणि तो घरी येऊन ते अभिमानाने सांगत राहिला. मी नुसती हसायचे. असं किती वर्षं? मोजायला नको.

बाबा वारले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी एकटीच बार्शीटाकळीला गेले. मारोतीकाका गिरणीच्या ओट्यावर बसला होता, भुवयांवर पीठ, कुबडी भिंतीला लावलेली. वेणूकाकीने आत चहा ठेवला. गिरणीचा पट्टा थांबल्यावर मी त्याला सांगितलं. सळई मुठीपर्यंत गेली तिथपासून, वाळूची घमेली, पाण्याचा घोट, साहेबांचं विचारणं, आणि माझं 'काई नाई'.  पिठाचे हात त्याने मांडीवर ठेवले होते.

"म्हणजे मी टॅक्टर सुरू केला तवा तुले मालूम होतं," तो म्हणाला.

"हो."

"चार चकरा मारल्या म्या."

"हो."

"पयल्या चकरेले वरडली असती तं पाय राह्यला असता."

"हो, काका."

तो रस्त्याकडे पाहत राहिला. एक बाई दळणाचा डबा घेऊन आली, त्याने तिला हाताने थांब म्हटलं. वेणूकाकी दारात कपबशा घेऊन उभी होती, तिने किती ऐकलं होतं मला समजलं नाही. मी उठायला लागले.

"बस," मारोतीकाका म्हणाला. आवाज कोरडा होता, त्यात राग नव्हता आणि मायाही नव्हती. "चाय ठेवला तिनं. पेऊन जाय."

मी बसले. चहा फार गरम होता. तो दोन्ही हातांत धरून मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि तेवढ्या वेळात मारोतीकाकाने थांबलेल्या बाईचा दळणाचा डबा पुढे ओढून घेतला.